आजीचे कान आणि दसऱ्याचं तोरण

"पहिल्या तरीने खाडी ओलांडून सातपाटी, तिथून सायकली, आणि शिरगावच्या किल्ल्यावर पोचलो की मग फराळाचा डबा उघडायचा. आधी नाही," मेघालीने बजावलं.

"आधी थोडासा उघडला तर?" मितेशने विचारलं.

"तर किल्ल्यावर रिकामा उघडू."

मितेश तिचा धाकटा भाऊ. दिवाळीच्या सुट्टीत त्याची भूक दुप्पट व्हायची आणि ऐकायची शक्ती निम्मी. तो मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात गेला, मोठ्या डब्याच्या झाकणाला नख लावलं, आणि दोन खोल्या पलीकडून, पडवीतून आजीचा आवाज आला, "मितेश, झाकण लाव. चकल्या मऊ पडतात."

सालवडहून सुट्टीला आलेली आत्तेबहीण किंजल खो खो हसली. "आजीचे कान म्हणजे पोलिसांचं कुत्रं आहे नुसतं."

मेघाली मात्र हसली नाही. मुरबे गावात कोण काय बोलतं आणि प्रत्यक्षात काय करतं, याचा जमाखर्च ती मनातल्या मनात मांडत असायची, आणि बहुतेकांच्या खात्यात बोलणंच जास्त निघायचं. आत्ता तिला आठवलं, की याच आजीसाठी तिच्या धाकट्या मुलाने, मनीषकाकांनी, परवाच बोईसरहून कानात घालायचं यंत्र आणलंय. कारण आजी, म्हणे, बहिरी झाली आहे.

तेवढ्यात अंगणात नरहरी आजोबा आले. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. तेही पडवीच्या पायरीवरूनच ओरडले, "जयवंतीबाय! काल परत तेच झालं!"

"ओरडू नको रे नरहरी. समोर तर बसलीय मी," आजी म्हणाली.

"भगवंत तांडेलच्या बोटीनं हाकेवर हाक मारली. तुझा जबाब नाय. ओहोटी लागलेली, पाणी किती हाय ते त्याला कळलं नाय, आत घातली बोट नि बसली वाळूवर. तळाची फळी गेली. मासळी गेली ती वेगळीच."

आजीचा चेहरा उतरला. पडवीच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी, सोसायटीचा वायरलेस सेट होता. समुद्रात मोबाइलची रेंज थोड्याच अंतरावर संपते. पुढे हाच आधार. संध्याकाळी बोटी परत यायला लागल्या, की "मुरबे, मुरबे" अशी हाक यायची आणि आजी सांगायची, खाडीच्या तोंडाशी पाणी किती आहे, आत यायचं की थांबायचं. पाणी तिला मागच्या दारातूनच दिसायचं. हे काम ती मेघालीच्या जन्माच्या आधीपासून करत होती. मेघालीचे बाबा, नीलेश तांडेल, हेसुद्धा आत्ता समुद्रात होते आणि उद्या परतणार होते.

"माझ्याकडं हाक आलीच नाय," आजी म्हणाली.

"आली म्हणतात सगळे. गेले तीन आठवडे हेच चाललंय. माझं मन होत नाय बाय, पण उद्या सभा हाय. सेट बन्सीच्या दुकानात न्यायचं बोलतात पोरं."

बन्सीचं दुकान बंदरावर होतं आणि तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत गाणी वाजायची. तिथे बोटीची हाक सोडा, समोरच्या गिऱ्हाइकाची हाक ऐकू येत नसे.

"मग सभा माझ्या पडवीत घ्या," आजी म्हणाली. "बोटींच्या टायमाला सेट सोडून मी कुठं येणार नाय."

नरहरी आजोबा गेले. आजीने यंत्राची डबी उचलली, उघडून पाहिली आणि पानाच्या डब्यात ठेवून दिली. मग कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली, "म्हातारी झाले, म्हणजे कान गेले असं धरूनच चालतात सगळे. मलाही आता वाटायला लागलंय, गेले असतील."

हे मेघालीला सहन झालं नाही. "किल्ला रद्द," तिने जाहीर केलं.

"आणि डबा?" मितेश म्हणाला.

*

परसात टॉवर होता. सोसायटीने बोटींच्या अँटेनासाठी उभारलेला, लोखंडी, माडांच्या वर डोकं काढणारा. पण घरात टॉवर आहे म्हटल्यावर माणसाचं मन शांत कसं राहील? आधी दमयंतीकाकूंनी, म्हणजे मनीषकाकांच्या बायकोने, टीव्हीची तबकडी लावली. मग कुणीतरी वायफायचा डबा टांगला. मनीषकाकांनी आपल्या हौसेच्या रेडिओच्या अँटेनाचा दांडा बसवला. वर झेंडा, मध्ये आकाशकंदील, खाली कपड्यांची दोरी. कुणी विचारायला आलं, की सगळे एकच म्हणायचे, "एवढंसं तर आहे, लावू दे." त्या एवढ्या-एवढ्याशांनी टॉवर नवरदेवासारखा नटला होता.

"यांतलंच काहीतरी आजीच्या सेटला त्रास देतंय," मेघाली म्हणाली.

मोठ्यांना विचारायचं ठरलं. इथेच चूक झाली.

"माझ्या तबकडीचा काय संबंध?" दमयंतीकाकू म्हणाल्या. "ती फक्त घेते, देत काही नाही. माझ्यासारखी नाही ती."

वायफायवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "हमारा डब्बा एकदम शरीफ है." काकांचा दांडा उरला, पण काका तारापूरच्या कारखान्यात ड्यूटीवर होते. एकेकाचं ऐकून मेघालीचं डोकं तापलं. कुणीही वर मान करून बघायलासुद्धा तयार नव्हतं. स्वतःचं निर्दोषत्व मात्र प्रत्येकाला पाठ होतं.

"विचारणं बंद. आता करून बघायचं," ती म्हणाली.

शेजारच्या अनुजच्या वडिलांची बोट इंजिनाच्या दुरुस्तीसाठी बंदरात बांधलेली होती, आणि त्या बोटीवर सेट होता. आजीची परवानगी काढली. ती म्हणाली, "बारक्या ताकदीवर बोला, आणि खरी बोट बोलली तर तोंड मिटा." मितेश आणि अनुज बोटीवर गेले. मितेशने लागोपाठ काहीतरी बोलत राहायचं. किंजलने घरातली एकेक वस्तू बंद-चालू करायची. मेघाली आजीजवळ सेटला कान लावून.

"काय बोलू?" सेटमधून मितेशचा आवाज आला.

"तुला जे पाठ येतं ते."

"चकली. करंजी. शेव. अनारसा. चिवडा. शंकरपाळी. परत चकली..."

किंजलने वायफाय बंद केलं. "करंजी. शेव." तबकडीची वायर काढली. "अनारसा. चिवडा." आकाशकंदील, पंप, मिक्सर, सगळं बंद-चालू झालं. एकही पदार्थ गळला नाही. शेवटी दमयंतीकाकू हातात रिमोट घेऊन पडवीत आल्या. "माझी मालिका कुणी मारली? खून नेमका कुणी केला तेच सांगत होते!"

काकूंनी चौघांनाही फैलावर घेतलं, मितेश आणि अनुजला तर फोनवरून. प्रयोग फसला. आजी हळूच म्हणाली, "बघ, सगळं ऐकू येतंय मला. मग हाका जातात कुठं?"

*

"दुपारी सगळं ठीक, आणि संध्याकाळी हाका गायब," मेघाली परसात येरझाऱ्या घालत म्हणाली. "मग संध्याकाळी असं काय असतं, जे दुपारी नसतं?"

"डास," किंजल म्हणाली.

"आणि आंघोळ केलेले मामा," तिनेच पुढे जोडलं.

मेघाली थबकली. मनीषकाका ड्यूटीवरून आले, की आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आपल्या रेडिओसमोर बसायचे. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. तो चौकटीत घालून देवांच्या फोटोंच्या रांगेत लावला होता. रोज दिवेलागणीला पालघरचा एक, डहाणूचा एक आणि काका, असे तिघं गप्पा मारत.

त्या संध्याकाळी मितेशला पुन्हा बोटीवर बसवलं. सोबत अनुज आणि चार चकल्या. बोटी यायच्या जरा आधी प्रयोग सुरू झाला.

"चकली. करंजी. शेव."

शेजारच्या खोलीचं दार लागलं. भिंतीपलीकडून काकांचा भारदस्त आवाज आला, "नमस्कार मंडळी, मुरब्याहून मनीष बोलतोय..."

सेट गप्प झाला. खरखर नाही, शिट्टी नाही, काही नाही. समुद्रावर कुणीच बोलत नसताना असतो, तसा अगदी शहाण्यासारखा गप्प.

मेघालीने आजीकडे पाहिलं. आजीने सेटकडे. भिंतीपलीकडे काका सांगत होते, "...बाकी घरचं म्हणाल तर ठीक, सध्या आईच्या कानांचं जरा टेन्शन आहे. बोटींच्या हाका ऐकू येत नाहीत तिला. वय झालं. ओव्हर."

काकांनी बोलायचं बटण सोडलं, आणि त्याच क्षणी सेटमधून मितेश उगवला, "...शंकरपाळी. ताई, ऐकतेयस ना? घसा सुकला माझा."

काका पुन्हा बोलू लागले. मितेश पुन्हा बुडाला.

किंजलने तोंडावर हात दाबला. तिला हसावं की ओरडावं कळेना. आजीचा चेहरा मात्र हळूहळू मोकळा होत गेला. "म्हणजे माझे कान नाय," ती म्हणाली. "मला वाटायचं आज बोटी उशिरा हायत. गप्प सेटकडून हाक आली नाय, हे कळणार तरी कसं?"

"पण मामांचा रेडिओ तर तीन वर्षं आहे," किंजल म्हणाली. "मग आत्ताच का?"

"दसऱ्याच्या आधी सगळं ऐकू यायचं," आजी म्हणाली.

दसरा म्हणताच मेघालीने काकूंचा फोन मागून आणला. दसऱ्याला मुरब्यात बोटींची इंजिनं, जाळी, सगळ्यांची पूजा होते. कारखान्यातून यंत्रपूजा करून आलेले काका घरी टॉवरचीही करायचे आणि फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचे. गेल्या वर्षीच्या फोटोत बोटींचा दांडा टॉवरच्या टोकावर होता, काकांचा पार खाली, आणि झेंडूचं तोरण एका बाजूला लोंबत होतं. या वर्षीच्या फोटोत टोकाला एक आडवा पाइप होता. त्याच्या एका टोकाला बोटींचा दांडा, दुसऱ्या टोकाला काकांचा. बैलाच्या शिंगांसारखे. मध्ये तोरण, अगदी सरळ. खाली काकांनी लिहिलं होतं, 'या वेळी शोभा आली!'

"तोरण सरळ दिसावं म्हणून," मेघाली दात-ओठ खात म्हणाली. "तोरणासाठी बोट वाळूवर घातली यांनी."

*

काकांना सांगितलं. काकांनी समजूतदार हसून ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही.

"बेटा, माझी फ्रिक्वेन्सी वेगळी, बोटींची वेगळी. दोन वेगळे रस्ते आहेत. एकावरच्या गाड्या दुसऱ्यावर येतच नाहीत. जरा विज्ञान शिका."

"काका, मी तुमच्या कानाशी तोंड आणून गुजरातीत ओरडत राहिले," मेघाली म्हणाली, "आणि त्याच वेळी काकू लांब विहिरीपाशी मराठीत हळू बोलल्या, तर तुम्हाला त्यांचं ऐकू येईल? भाषा वेगळ्या आहेत ना?"

"काकूचं मला तसंही ऐकू येत नाही," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. "उद्या सभेत मीच सांगणार आहे, आईला बोईसरला कान तपासायला नेऊ. काळजी माझ्यापेक्षा जास्त कुणाला आहे?"

हेच तर मेघालीला सगळ्यात जास्त चिडवत होतं. काळजी खरी होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. आईची काळजी करत करत आईचेच कान बुजवणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

"भांडायचंच नाही," परसात आल्यावर किंजल म्हणाली. "मामांना काय आवडतं?"

"बोलायला."

"मग बोलू द्या की."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवी भरली. भगवंत तांडेल फुगून बसले होते. बन्सी सेटची लांबी-रुंदी नजरेने मोजत होता. आजी नेहमीच्या जागी, पाठ ताठ. मेघालीने सेटचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा केला होता.

"सभेच्या आधी आवाजाची परीक्षा," ती म्हणाली. "बंदरातून मितेश बोलतोय. हाका कोणाकोणाला ऐकू येतात बघू."

"चकली. करंजी. शेव," सेट म्हणाला. सभेत हशा पिकला.

"ऐकू येतंय ना सगळ्यांना?"

"न यायला काय झालं? आमी काय बहिरे हाय?" भगवंत तांडेल गुरकावले.

आतल्या खोलीत किंजलने आपली सालवडची गोड मराठी बाहेर काढली. "मामा, आमच्या शाळेत हौशी रेडिओवर बोलायचंय मला. संकटाच्या वेळी तुम्ही लोक काय काय करता, ते एकदा प्रत्यक्ष बोलून दाखवा ना. सविस्तर."

"सभा सुरू होतेय..." काका म्हणाले, पण हात बटणाकडे गेलाच होता. "नमस्कार मंडळी. आज एका विद्यार्थिनीसाठी थोडं सविस्तर बोलतो. वादळ येवो, पूर येवो, जिथे सगळ्यांचा संपर्क तुटतो, तिथे आमचा आवाज पोचतो..."

पडवीतला सेट गप्प.

"काय झालं? पोरगं थांबलं का?" नरहरी आजोबांनी विचारलं.

मेघालीने हातातला फोन वर धरला. अनुजने फोन लावून बोटीवर ठेवला होता, आणि त्यातून मितेश स्पष्ट ऐकू येत होता, "अनारसा. चिवडा. शंकरपाळी." तो बोलतच होता. सेट मात्र ठार बंद.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. आजी शांतपणे म्हणाली, "आता इथं सगळेच बहिरे झाले म्हणायचं का?"

भिंतीपलीकडे काकांनी श्वास घेतला, बटण सुटलं, आणि सेटमधून एक वेगळाच आवाज आला. खोल, थकलेला, मागे इंजिनाची धडधड.

"...फराळ कोण सांगतंय रे? बाजू हो. मुरबे, मुरबे, नीलेश बोलतो. आई, अंधारून आलंय, तोंडाशी आलोय मी. पाणी किती हाय? आत घालू का—"

आणि आवाज तुटला. भिंतीपलीकडे काका पुढच्या परिच्छेदाला लागले होते. "...म्हणून मी म्हणतो, संकटात ऐकणारा कान हवा..."

हे ठरलेलं नव्हतं. बाबांची बोट यायला अजून वेळ होता, असं मेघालीने धरलं होतं. आजी एका झेपेत मागच्या दाराशी गेली. ओहोटीचं पाणी सरत होतं, भगवंताची बोट बसली होती ती वाळू पांढरी दिसायला लागली होती.

"थांब, नीलेश! आत नको!" आजी सेटवर ओरडली. पण उत्तर येईल तरी कसं? ऐकलं की नाही, तेही कळेना.

पहिले उठले ते नरहरी आजोबा. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना खुर्ची लागायची, ते तीन माणसं ओलांडून गेले आणि काकांच्या खिडकीवर दोन्ही मुठी आपटल्या.

"मनीष! बंद कर तोंड! तुझ्या भावाची बोट हाय!"

काकांच्या हातातून माइक पडला. तत्क्षणी पडवीतला सेट जागा झाला. धडधड. मग, "...ऐकलं आई, थांबलो. आत घालणारच होतो. पाणी चढलं की सांग."

आजीने माइक तोंडाशी धरला. "तिथंच नांगर टाक. मी सांगेन तेव्हा ये. जेवण गरम करून ठेवते."

दारात काका उभे होते, कपाळावरचं गंध घामाने ओघळलेलं. त्यांनी सेटकडे पाहिलं, मागच्या दारातून टॉवरकडे पाहिलं, आडव्या पाइपाकडे पाहिलं. विद्वान माणसाला एखादी गोष्ट समजायला वेळ लागतो, पण समजली की ती चेहऱ्यावरून लपवता येत नाही.

"परीक्षेत होता हा प्रश्न," ते पुटपुटले. "जवळच्या अँटेनाच्या जोरामुळे दुसरा सेट बहिरा होतो, फ्रिक्वेन्सी वेगळी असली तरी. मी तो प्रश्न सोडून दिला होता."

"सोडलेला प्रश्न बोटीवर येऊन बसला," भगवंत तांडेल म्हणाले.

*

नीलेश तांडेल भरतीबरोबर घरी पोचले, जेवले आणि धाकट्या भावाला एवढंच म्हणाले, "उद्या तू वर चढ. मी खाली बसून बघतो."

सकाळी काका कमरेला पट्टा बांधून टॉवरवर चढले. खाली मेघाली, किंजल आणि अख्खी सभा. आधी काकांनी दोन्ही दांडे आडव्या पाइपावरच आणखी लांब सरकवले; शोभा जायला नको होती. खाली उतरून बटण दाबलं. मितेश अर्धाच ऐकू आला, "...जी. ...व. ...रसा."

"काका, गेल्या वर्षीसारखं," मेघालीने फोटो दाखवला. "बोटींचा वर, तुमचा बरोबर त्याच्या खाली, पार खाली. शेजारी नको."

काकांनी तोरणाकडे एकदा दुःखाने पाहिलं आणि पाइप काढला. बोटींचा दांडा टोकावर गेला. काकांचा खाली, काकूंच्या तबकडीच्याही खाली. मग काकांनी माइक घेतला, आणि पडवीत सेटमधून मितेश स्वच्छ ऐकू येत राहिला.

"उभे दांडे स्वतःच्या डोक्यावर आणि पायाखाली फारसं ओरडत नाहीत," काका पुस्तक उघडून म्हणाले. "आजूबाजूला ओरडतात. इथे लिहिलंय. पण तरीही बोटींच्या वेळेला मी बसणार नाही. कबूल."

नरहरी आजोबा कौतुकाच्या बाबतीत फार काटकसरी. त्यांनी बराच वेळ घसा साफ केला. "सेट जयवंतीबायकडंच राहील. आणि टॉवरवर काय लावायचं झालं, तर आधी या पोरीला विचारायचं." त्यांनी मेघालीकडे बोट केलं, मग किंजलकडे. "आणि हिला सभेत बोलायला बोलवायचं. मनीषला बोलतं ठेवलं हिनं. ते सोपं, पण वेळेवर ठेवलं."

भगवंत तांडेलांनी आजीपुढे पापलेटांची पिशवी ठेवली. माफी मागायची ही त्यांच्याकडची पद्धत होती. बन्सी कधीच निघून गेला होता.

आजीने पानाचा डबा उघडला, यंत्राची डबी काढली आणि काकांच्या हातात दिली. "हे तुझ्याकडं ठेव रे. पोरं काय बोलतात ते ऐकायला लागेल."

काकांनी डबी देवांच्या रांगेत, परवान्याशेजारी नेऊन ठेवली. त्यांच्या बाबतीत हे मोठंच होतं.

सगळे पापलेटांभोवती जमले तेव्हा बंदरावरून धावत आलेला मितेश हळूच स्वयंपाकघरात शिरला. बाबांची बोट, सेट, टॉवर, सगळं मार्गी लागलं. त्याला मात्र इतके दिवस नुसते पदार्थ म्हणत बसावं लागलं होतं. त्याने झाकणाला नख लावलं.

"मितेश," पडवीतून आजी म्हणाली, "आज पोटभर खा. आणि मग झाकण लाव."